सायलेन्सर काढल्यापासून

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

लिहायला घेतलं त्याचं कारण: आज सकाळी अनिकेत पोर्चमध्ये गाडीखाली पडून होता, इंजिन चालू होतं, आणि मी हाका मारल्या तरी ओ देईना. नुसते पाय बाहेर. मी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं, पाय धरून हलवला, तेव्हा कुठे हालचाल झाली. बाहेर आला तो घामानं निथळत. "डोळा लागला होता वं आई. रात्रभर कॉल होता ना अमेरिकेचा." म्हटलं, इंजिन चालू ठेवून कुणाचा डोळा लागतो? तर लीक आहे का पाहत होता म्हणे.

उद्या कुणी म्हणेल, तुला तसं वाटलं असेल. म्हणून तारखेसह लिहिते. पाण्याचे नमुने तपासण्यात सगळी नोकरी गेली. नमुना आला की आधी तारीख, मग बाटलीचं झाकण.

गाडी लाल, दोन दारांची, सेकंडहँड, पुण्याहून आणलेली. इतकी बुटकी की बसताना आधी लोळण घ्यावी लागते. मूळचा सायलेन्सर काढून तो नवा बसवतो आहे, पुढून मागेपर्यंत सगळे पाइप नवे. गॅरेजवाल्यांना जमत नाही म्हणे, म्हणून स्वतः, मोबाइलवर बघून बघून. पोर्चला गेल्या पावसाळ्यात तिन्ही बाजूंनी पत्रे मारून घेतले, ते माझ्याच आग्रहानं. आत हवा हलत नाही.

पितरांचं पान दुपारी मीच ठेवलं. ह्यांच्या नावाचं पान मुलानं ठेवायचं असतं. हात काळे आहेत म्हणाला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. उपास सुरू.

जुना सायलेन्सर व्हरांड्यात पोत्यावर पडला आहे. त्याच्यासोबत एक मधला डबाही आहे. हा कशाला काढला विचारलं. "तेच तर ताकद खाते गाडीची. आत नुसती जाळी हाय." जाळी म्हणजे काय ते मी त्याला सांगितलं. इंजिनातून निघतो तो वायू विषारी, या जाळीतून जाताना तो निर्विष होतो. बी.एस्सी.ला आमचे सर कार्बन मोनॉक्साइडवर फार बोलले नव्हते. वास नाही, रंग नाही, माणसाला फक्त झोप येते, एवढंच. मला ते इतक्या वर्षांनी शब्दाशब्दानं आठवतं.

अ. (पुढे एवढंच लिहीन) हसला. धूर मागून बाहेर जातो, माणसं पुढे बसतात, तू कावून घाबरून राहिली? पुण्यात सगळे काढतात.

पाइप शेवटपर्यंत बंद असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. असेल तर.

दसऱ्याला बाळाला सव्वा महिना होतो. त्या दिवशी सुनेला, पल्लवीला, आणि बाळाला तिच्या माहेराहून, अकोल्याहून, घरी आणायचं ठरलं आहे. त्याला ते याच गाडीतून, याच आवाजात आणायचं आहे. म्हणून ही घाई.

२४ सप्टेंबर, बुधवार

बसवून झालं. संध्याकाळी सुरू केली. देवघरातल्या समईची ज्योत हलली असं मला वाटलं. वाटलंच असेल. खिडकीची तावदानं मात्र नक्की वाजली.

रिमोट आहे. बटण दाबलं की मागच्या पाइपातली झडप उघडते आणि आवाज वाढतो, पुन्हा दाबलं की झडप मिटते. पोलिसांनी अडवलं तर हे बटण, असं त्यानं मला समजावून सांगितलं, जणू मी त्याला त्यासाठीच वाढवला. समोरचे काका फाटकाशी आले. "ताई, ट्रॅक्टर घेतला काय?" अ.ला राग आला. मी चहा केला, काकांना.

पाइपांच्या सांध्यातून धूर फुटू नये म्हणून मध्ये बसतं ते एक गास्केट खोक्यात आलंच नव्हतं. जुनंच उलटं करून लावलं म्हणाला. "चालते तेवढं."

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज मला बसवलं गाडीत. आई, एकदा ऐकून तर पाह्य. वलगावपर्यंत जाऊन आलो. काचा बंद, एसी चालू. जाताना काही नाही. वलगावहून फिरलो तेव्हा कपाळ ठणकायला लागलं, मग मळमळ. घरी आल्यावर पायरीवर बसून राहिले. बीपी तपासलं, नेहमीचंच.

अ.चंही डोकं दुखत होतं, पण त्याला उपास नाही. त्याचं मोबाइल पाहण्यानं, माझं उपाशीपोटी. अशी वाटणी त्यानंच केली. साबुदाणा खाऊन घे म्हणाला.

खाल्ला. दुखणं थांबलं. आता हे साबुदाण्यानं थांबलं की गाडीतून उतरल्यानं, ते

(फोन आला होता. राहिलं.)

२७ सप्टेंबर, शनिवार

अ. अकोल्याला जाऊन आला, बाळाला बघायला. पल्लवीचा फोन त्याच्या आधी पोचला. "आई, हे आले अन् सरळ झोपले. दुपारभर. बाळाले घेतलंसुद्धा नाही." मी विचारलं, डोकं दुखतं म्हणाले का? तर हो, खूप.

मग वसंतराव बोलले, पल्लवीचे वडील. जुन्या शहरात त्यांचं तीन पिढ्यांचं घर, गल्ली अशी की छोटी गाडी शिरली तर सायकलवाल्यानं ओट्यावर चढावं. "विहीणबाई, पोरगं तुमचं लय शौकीन. अख्खी गल्ली ओट्यावर आली ना पाह्यले." जावयासोबत मोर्णा नदीच्या पुलावरून चक्कर मारून आले होते, काचा लावून, राजासारखे. परत आल्यावर ओकले. तेही हसत सांगितलं. सकाळच्या कचोरीवर ढकललं.

माझा उपास, अ.चा मोबाइल, वसंतरावांची कचोरी. प्रत्येकाला आपापलं कारण मिळालं आहे. गाडी सगळ्यांत एकच.

२८ सप्टेंबर, रविवार

अ. झोपलेला असताना काचा खाली करून गाडीत बसले, इंजिन चालू ठेवून, अंगणात बाहेर काढून. काही झालं नाही. काचा वर केल्या. थोड्या वेळानं कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. उतरले. उपास दोन्ही वेळेला तोच होता.

अ.ला उठवून सांगितलं. एवढ्यावरून काय समजायचं, म्हणाला, पण चेहरा उतरला होता. त्या वायूची सूचना देणारं यंत्र मिळतं, ते मागवायला लावलं. मागवलं. दसऱ्यानंतर येणार.

तोवर काचा उघड्या ठेवून आणायचं, असं ठरवून मी अकोल्याला फोन केला. विहीणबाईंनी, पल्लवीच्या आईनं, पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सव्वा महिन्याची बाळंतीण, सव्वा महिन्याचं लेकरू, आणि मोटारीत काचा उघड्या? "अहो विहीणबाई, तिच्या कानात म्या अजून कापूस ठेवला. घराची खिडकी उघडू देत नाही, अन् तुमी रस्त्याची हवा खाऊ घालता काय लेकराले?" मी वायूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, धूर असता तर दिसला असता.

त्यांचं चूक म्हणू कसं? मीही पल्लवीच्या जागी होते तेव्हा सासूबाईंनी दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, आणि मी रसायनशास्त्राची पदवीधर निमूट पडून होते.

म्हणजे काचा बंदच राहणार. म्हणजे ती गाडी नको.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी.

अंबादेवीला जाऊन आले. गर्दी. आल्यावर साडी बदलली, जुना गाऊन चढवला आणि चटई टाकून गाडीजवळ आडवी झाले. या वयात. समोरचे काका बघत होते, बघू देत.

रॅम्पवर चढवलेलीच होती, म्हणून दिसलं. इंजिनाकडून येणारा पाइप आणि नवा पाइप जिथे जोडला आहे तिथे सांध्याभोवती काजळी धरली आहे. तोच सांधा, उलट्या गास्केटचा. तो येतो बरोबर डाव्या सीटखाली, म्हणजे पल्लवी बाळाला घेऊन बसेल तिथे. आणि त्याच्या जरा पुढे गाडीच्या तळाला भोक. रिमोटची वायर तिथून वर गेली आहे. भोकाला रबराचं बूच असणार. ते पान्यांच्या ट्रेमध्ये सापडलं. वायर घालायची म्हणून काढलं, परत बसवलं नाही.

अ.ला बोलावलं, बूच हातावर ठेवलं, बोट काजळीत बुडवून दाखवलं. बूच बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्या पोरीले यात बसवणार होतो." खाली बसला तिथेच.

नवं गास्केट आणतो, बूच बसवतो, जुना डबाही परत लावतो, उद्या. मी म्हटलं आज. आज दुकान बंद, आणि बूच आतून बसतं, त्यासाठी सीट खोलावी लागते. उद्या, नक्की.

खूप दिवसांनी जेवण गेलं असं वाटलं, फराळच होता तरी.

१ ऑक्टोबर, बुधवार. नवमी.

सकाळी देवघरात पाहते तर पाटावर लाल कापड, त्यावर सगळे पाने ओळीनं, जॅकचा दांडा, हातोडी, हळदकुंकू वाहिलेलं. खंडेनवमी. दरवर्षी मी ह्यांची पक्कड आणि माझी विळी ठेवते, यंदा अ.नं माझ्याआधी उठून मांडलं होतं. मनापासून केलेलं दिसत होतं.

गास्केट घेऊन आला अकराला. आणि मग पाने उचलेना. पूजेत बसलेलं हत्यार उद्याच्या पूजेनंतर उठतं, आज त्यानं काम करायचं नाही. "तूच शिकवलं हे आई. विळी उचलली म्हणून आजीनं तुले काय बोललं होतं, माह्या समोर." मी म्हटलं मी उचलते, मला पाप लागू दे. पाटापर्यंत गेलेही. त्यानं हात धरला. उद्या बाळ घरी येणार, आज नको ना, म्हणाला. एवढा मोठा झालेला, आणि डोळ्यांत पाणी.

हात मागे घेतला.

मग ठरवलं ते असं. उद्या भाड्याची गाडी, मोठी, मी सोबत. पल्लवी आणि बाळ त्यातून येतील. अ. लाल गाडी घेऊन पुढे जाईल, एकटा, चारही... दोन्ही काचा खाली. सासऱ्यांनी गल्लीत हार आणून ठेवला आहे, गाडी नाही आणली तर त्यांचा मान जातो. परत येतानाही तो एकटाच त्या गाडीत.

पल्लवीला फोन केला, विहीणबाईंना केला, वसंतरावांना केला. तिघांना वेगवेगळं सांगितलं: त्या गाडीतून बाळाला कुठेही न्यायचं नाही, देवळात नाही, पुलावर नाही, कोपऱ्यापर्यंत नाही. तिघांनी हो म्हटलं. वसंतराव म्हणाले, "तुमचा शब्द, विहीणबाई. गाडी जागची हलणार नाही."

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळ.

अ. गेला, काचा खाली. वळणापर्यंत पाहिलं.

भाड्याची गाडी अजून आली नाही. ड्रायव्हर म्हणतो, मालकाकडे गाडीची पूजा चालू आहे, झाली की निघालोच. नऊला यायचा होता. विजय मुहूर्त दुपारचा, त्यात बाळानं अकोल्याच्या घराचा उंबरा ओलांडून निघायचं असं विहीणबाईंच्या गुरुजींनी काढून दिलं आहे. तसा वेळ आहे.

अकरा. आली नाही. पुन्हा फोन केला. चाकाखाली लिंबू ठेवायचे राहिलेत.

आली. निघते.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ. अकोला. हॉस्पिटलचा जिना.

जसं झालं तसं लिहिते. अक्षर लागलं नाही तर नंतर पुन्हा उतरवीन.

बडनेऱ्यापासूनच गर्दी. मुर्तिजापूरला मिरवणूक. अडीच वाजले तेव्हा आम्ही बोरगावच्या अलीकडे. वाटलं, मुहूर्त गेला तर गेला.

गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, तोंडाशी उतरले. लांबून लाल गाडी दिसली, झेंडूचा हार, काचांवर कुंकवाची बोटं. ओट्यावर सगळे बसलेले, हातात सोनं, आपट्याची पानं एकमेकांना देणं चाललेलं. अ. उठून पाया पडायला आला. पल्लवी कुठे आहे विचारलं. "मुहूर्त टळू नये म्हणून पस्तान ठेवलं, आई, निघाल्यासारखं. उंबरा ओलांडून बसली गाडीत. तू आली का तुह्या गाडीत बसवतो, पाच मिन्टाचं काम. गाडी नाही हलवली, विचार."

गाडी हलली नव्हतीच. इंजिन चालू होतं. ऊन होतं म्हणून एसी, वारा लागू नये म्हणून काचा बंद. बाळ झोपलं म्हणून आवाज नको, तर रिमोटनं झडप मिटवलेली. मागची वाट मिटली की धूर तळाच्या सांध्यातून निघणार, तिथून भोक, तिथून वर.

मी सांगितलं होतं त्या गाडीतून कुठे न्यायचं नाही. कुणी कुठे नेलं नाही. आत बसू नका हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं.

दार उघडलं. पल्लवीची मान खिडकीला टेकलेली. हाक मारल्यावर डोळे उघडले, "आई, डोकं" एवढंच बोलली आणि पदरात ओकली. बाळाला काढून घेतलं. गाल गुलाबी. विहीणबाई मागून म्हणाल्या, झोपेत कशी टवटवीत दिसते पाहा. तो रंग कशाचा ते मला माहीत होतं. मान हातावरून घसरत होती. तळपायाला टिचकी मारली, एकदा, पुन्हा. तोंड थोडं वाकडं केलं. रडली नाही.

मी ओरडले की नाही आठवत नाही. विहीणबाई म्हणतात ओरडले. बाळाला उघड्यावर धरलं तर त्यांनी शाल टाकायला हात पुढे केला, सवयीनं. तो मी झटकला.

भाड्याच्या गाडीनं इथे आणलं, सगळ्या काचा खाली. विहीणबाई शेजारी बसलेल्या, एकदाही वारा म्हणाल्या नाहीत.

डॉक्टर तरुण आहेत. मी दारातच वायूचं नाव सांगितलं, रक्तात तोच तपासा म्हटलं. हो म्हणाले, लगेच ऑक्सिजन लावला, दोघींना. आत किती वेळ बसल्या होत्या विचारलं. वसंतराव म्हणाले पाच मिनिटं. विहीणबाई म्हणाल्या चहा होऊन सगळ्यांचा घेऊन होईपर्यंत. पल्लवीला आठवत नाही. डॉक्टरांनी यातलं काय लिहून घेतलं ते दिसलं नाही.

पल्लवी आता बोलते, बाळ मागते. रात्रभर ठेवणार. बाळाचं रक्त तपासणीला गेलं आहे, त्यासाठी मोठ्या लॅबमध्ये पाठवावं लागतं. तोवर काही सांगता येणार नाही. डॉक्टर तेवढंच म्हणाले, मीही नमुना हातात असताना लोकांना तेवढंच सांगत असे.

वसंतराव खाली बाकावर. टोपी काढून मांडीवर घेतली आहे. वर यायला तयार नाहीत. अ. काचेशी उभा आहे, बस म्हटलं तर बसत नाही. एकदा म्हणाला, "तू पाना उचलला असता तर."

मघाशी आत एक मूल रडलं. आम्ही दोघं दाराकडे धावलो. आत तीन मुलं आहेत. नर्सबाईंना विचारलं, त्या घाईत होत्या.

बाळ आत घेताना अंगावरचं सगळं उतरवून त्यांनी माझ्या ताब्यात दिलं आणि वहीत सही घेतली. मिळालं ते: लोकरीचं टोपरं. पिवळं झबलं. दुपटं, एक कोपरा ओला. काळ्या मण्यांच्या मनगट्या, दोन्ही. कानातला कापूस, कागदात गुंडाळून. कमरेचा काळा दोरा, कात्रीनं कापलेला.